बिघाड शेजारच्या फीडरवर, अंधार आपल्या फीडरवर : मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरांत कारखाने, गृहनिर्माण संस्था आणि रुग्णालये एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असतात आणि बहुतेक वेळा त्यांना वीजही एकाच ११ केव्ही फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकाच वितरण वाहिनीवरून, मिळते. अशाच एका भागातील ३३/११ केव्ही उपकेंद्राशी हे प्रकरण संबंधित आहे. वितरण कंपनी, कारखाना आणि नेमके ठिकाण यांची ओळख येथे मुद्दाम दिलेली नाही, आणि आकडे हिशेब समजण्यापुरते पूर्णांकांच्या जवळ आणले आहेत.

उपकेंद्रात २० एमव्हीए क्षमतेचा आणि १२ टक्के इम्पीडन्सचा (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर होता. ३३ केव्ही बाजूची फॉल्ट लेव्हल (बिघाडात मिळू शकणारी कमाल शक्ती) सुमारे १००० एमव्हीए धरल्यास ११ केव्ही बसबारवर, म्हणजे सर्व फीडर जिथून निघतात त्या सामाईक वाहकपट्टीवर, तीन फेज बिघाडाचा प्रवाह साधारण ७.५ किलोअँपिअर येतो. या बसबारवरून निघणाऱ्या फीडरांपैकी दोन फीडर आपल्या कामाचे आहेत. फीडर ‘अ’ लांब आणि जुना होता. त्यावर अनेक रिंग मेन युनिटे (रस्त्याकडेची, पुरवठा इकडून तिकडे वळवणारी स्विचपेटी) होती आणि बऱ्याच ठिकाणी बेल्टेड प्रकारची (कागदी इन्सुलेशनची आणि तिन्ही तारांभोवती एकच आवरण असलेली) जुनी पेपर केबल अजून जमिनीत होती. फीडर ‘ब’ आखूड होता आणि त्यावर मोजकेच ग्राहक होते : एक रासायनिक प्रक्रिया करणारा कारखाना, एक मध्यम आकाराचे रुग्णालय, एक शाळा आणि काही गृहनिर्माण संस्था.

कारखान्याला वाफ आणि वीज दोन्ही लागत असल्याने त्याने नैसर्गिक वायूवर चालणारे दोन सहनिर्मिती संच बसवले. प्रत्येक संच २ मेगावॉटचा, म्हणजे २.५ एमव्हीए क्षमतेचा, सिंक्रोनस जनित्र असलेला होता. संच ग्रिडला समांतर चालत आणि कारखान्याची गरज भागून उरलेली वीज फीडरवर जाई. याच काळात शाळेच्या आणि संस्थांच्या गच्च्यांवर मिळून सुमारे ६०० किलोवॉटचे सौर पॅनेल बसले. दोन्ही कामांना रीतसर मंजुरी होती. संचांच्या मंजुरीच्या वेळी फॉल्ट लेव्हल तपासली गेली. संचांमुळे बसबारवरील बिघाड-प्रवाह जास्तीत जास्त सव्वा किलोअँपिअरच्या आसपास वाढणार होता आणि ब्रेकर (बिघाडाचा प्रवाह तोडणारे स्विच) ३५० एमव्हीए, म्हणजे १८.४ किलोअँपिअर, तोडण्याच्या क्षमतेचे होते. ‘क्षमता पुरेशी आहे’ असा शेरा मारून फाइल पुढे गेली. तो शेरा खरा होता. ब्रेकर हा वाढीव प्रवाह तोडू शकतो का, याचे ते उत्तर होते. तो प्रवाह कोणत्या रिलेमधून (बिघाड ओळखून ब्रेकरला उघडण्याची आज्ञा देणाऱ्या उपकरणातून), कोणत्या दिशेने आणि किती वेळ वाहील, हा प्रश्न त्या नमुन्यात कुठेच विचारलेला नव्हता.

काय घडले

संच सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात फीडर ‘ब’ तीन वेळा ट्रिप झाला, म्हणजे त्याचा ब्रेकर आपोआप उघडून पुरवठा बंद पडला. तिन्ही वेळा त्या फीडरवर काहीही सापडले नाही. केबल तपासली, रिंग मेन युनिटे पाहिली, इन्सुलेशन मोजले आणि फीडर पुन्हा सुरू केला; तो नीट चालला. तिन्ही वेळा फीडर ‘अ’ वर मात्र खरा बिघाड झालेला होता. पहिल्यांदा जुन्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले होते, दुसऱ्यांदा खोदकामाच्या यंत्राने केबल फोडली होती आणि तिसऱ्यांदा पुन्हा एक जॉइंट गेला होता.

रुग्णालयाकडे स्वतःचे डिझेल जनित्र होते, त्यामुळे तिथे गंभीर प्रसंग ओढवला नाही. परंतु प्रत्येक वेळी लिफ्ट अडकल्या, पाण्याचे पंप थांबले आणि ग्राहकांच्या तक्रारी आल्या. सर्वांत मोठा फटका कारखान्याला बसला. फीडर गेला की दोन्ही संच बंद पडत, वाफ जाई आणि चालू असलेली बॅच वाया जाई. वितरण कंपनी आणि कारखाना यांनी मिळून एक छोटा अभ्यासगट नेमला. त्यात कंपनीच्या प्रोटेक्शन विभागाचे अभियंते, कारखान्याचे विद्युत प्रमुख आणि बाहेरचे सल्लागार म्हणून प्रस्तुत लेखक, इतके लोक होते.

पहिला संशय आणि तो कसा दूर झाला

पहिला संशय सौर पॅनेलवर गेला. ते नवे होते, गच्चीवर उघड दिसत होते, आणि पहिल्या दोन घटना दिवसाउजेडी घडल्या होत्या. काही इमारतींचे इन्व्हर्टर तात्पुरते बंद ठेवण्याची सूचनाही चर्चेत आली. हिशेब मांडल्यावर हा संशय टिकला नाही. ६०० किलोवॉट म्हणजे ११ केव्हीवर जेमतेम ३१ अँपिअर. इन्व्हर्टर आपल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना जपण्यासाठी बिघाडाच्या वेळीही प्रवाह साधारण १.१ ते १.२ पटींच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणजे सर्व पॅनेल पूर्ण जोमात असतानाही ३८ अँपिअरच्या आसपासच प्रवाह मिळणार. फीडर ‘ब’ चा रिले २४० अँपिअरला जागा होत होता. शिवाय तिसरी घटना रात्री दोनच्या सुमारास घडली होती, तेव्हा सौर निर्मितीचा प्रश्नच नव्हता.

सिंक्रोनस जनित्राचे वागणे यापेक्षा अगदी निराळे असते. बिघाड होताच त्याच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा बाहेर येते आणि पहिल्या काही आवर्तनांत ते आपल्या क्षमतेच्या कित्येक पट प्रवाह देते. मग तो प्रवाह उतरत जातो. या संचांचा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स (पहिल्या काही आवर्तनांतला प्रवाहाला असणारा अंतर्गत अडथळा) १४ टक्के आणि त्यांच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ६.२५ टक्के होता. दोन्ही संच मिळून तीन फेज बिघाडात सुरुवातीला सुमारे १३०० अँपिअर आणि काही आवर्तनांनंतर सुमारे ९३० अँपिअर देत होते. म्हणजे सौर निर्मिती क्षमतेने संचांच्या सुमारे एक सप्तमांश होती, पण बिघाडाच्या सुरुवातीच्या प्रवाहातला तिचा वाटा संचांच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी होता. वितरित निर्मितीचा विचार केवळ मेगावॉटमध्ये केला की हा फरक नजरेतून सुटतो.

नोंदी वाचताना आलेल्या अडचणी

नेमका क्रम शोधण्यासाठी दोन्ही फीडरांच्या रिलेमधील डिस्टर्बन्स रेकॉर्ड, म्हणजे बिघाडाच्या क्षणी रिलेने आपोआप केलेल्या प्रवाह-व्होल्टेजच्या नोंदी, काढले. दोन्ही रिले न्यूमेरिकल (डिजिटल) असले तरी त्यांची घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नव्हती. त्यांत काही मिनिटांचा फरक होता. कोणता फीडर आधी गेला हे वेळेवरून ठरवता येईना. शेवटी दोन्ही रेकॉर्डमधील बसबार व्होल्टेज कोणत्या क्षणी कोसळले, तो क्षण एकमेकांवर बसवून क्रम लावण्यात आला.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. फीडर ‘ब’ च्या रेकॉर्डमध्ये बिघाडाच्या वेळी प्रवाह बसबारकडून फीडरकडे जात असल्याचे दिसत होते. ते खरे मानले तर बिघाड फीडर ‘ब’ वरच झाला होता, असा अर्थ निघाला असता. परंतु बिघाडापूर्वीच्या सामान्य स्थितीत तोच रिले वीज फीडरकडून बसबारकडे येत असल्याचे दाखवत होता. अभ्यासगटाने मग संच पूर्ण बंद असलेल्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या. तेव्हाही दिशा उलटीच दिसत होती, आणि संच बंद असताना कारखाना वीज बाहेर पाठवूच शकत नव्हता. याचा अर्थ एकच होता : तिन्ही सीटी (रिलेला प्रवाह मोजून देणारे करंट ट्रान्सफॉर्मर) पॅनेलमध्ये उलट्या दिशेने जोडलेल्या होत्या. साध्या ओव्हरकरंट रिलेला प्रवाहाच्या दिशेशी देणेघेणे नसते, आणि तिन्ही सीटी एकसारख्याच उलट्या असल्याने अर्थ फॉल्ट (जमिनीकडे जाणारा बिघाड) ओळखणाऱ्या बेरजेतही काही बिनसत नव्हते. त्यामुळे ही जोडणी वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आली नव्हती. दिशा सुधारून रेकॉर्ड पुन्हा वाचल्यावर चित्र स्पष्ट झाले. फीडर ‘अ’ वरील बिघाडाला कारखान्याचे संच फीडर ‘ब’ मधून, उपकेंद्राच्या बसबारवरून, उलट्या दिशेने प्रवाह पुरवत होते.

वेळेची शर्यत

तिन्ही घटनांतील बिघाड दोन फेजमधला होता आणि त्यात जमिनीचा संबंध नव्हता. अशा बिघाडात ग्रिडकडून सुमारे ६.५ किलोअँपिअर आणि संचांकडून सरासरी ९५० अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. फीडर ‘अ’ वर पुढे अनेक ब्रेकर असल्याने त्याचा रिले सावकाश ठेवला होता : पिकअप (ज्या प्रवाहाला रिले जागा होतो तो) ४०० अँपिअर आणि टीएमएस (वेळ कमी-जास्त करणारा गुणक) ०.२. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रानुसार, म्हणजे प्रवाह जितका मोठा तितकी वेळ कमी या प्रमाणित सूत्रानुसार, दोन्ही प्रवाह मिळून तो सुमारे ०.४७ सेकंदाला आज्ञा देतो, आणि ब्रेकर उघडेपर्यंत ०.५५ सेकंद होतात. आखूड फीडर ‘ब’ चा रिले तत्पर होता : पिकअप २४० अँपिअर, टीएमएस ०.१. संचांच्या ९५० अँपिअरवर तो सुमारे ०.५ सेकंदाला आज्ञा देतो. म्हणजे फीडर ‘अ’ चा ब्रेकर बिघाड तोडण्याच्या आतच फीडर ‘ब’ च्या रिलेची आज्ञा निघून गेलेली असे. बिघाड क्षणभराने दूर होई, पण दिलेली आज्ञा परत घेता येत नाही.

फीडर ‘अ’ ला हायसेट, म्हणजे मोठ्या प्रवाहाला तात्काळ चालणारी पायरी, का नव्हता, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. ग्रामीण भागातील लांब ओव्हरहेड लाइनवर जसजसे पुढे जावे तसतसा बिघाड-प्रवाह झपाट्याने घटतो. त्यामुळे जवळचा आणि दूरचा बिघाड प्रवाहाच्या आकड्यावरून ओळखता येतो. मुंबईसारख्या शहरातील जाड आणि तुलनेने आखूड केबलवर तो फारसा घटत नाही. हायसेट लावला तर पुढच्या ग्राहकाच्या आवारातील बिघाडालाही संपूर्ण फीडर जाईल, म्हणून येथे वेळेच्या पायऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्या पायऱ्या प्रवाह एकाच बाजूने येतो असे गृहीत धरून रचलेल्या होत्या.

त्या पावसाळ्यात फीडर ‘अ’ वर अर्थ फॉल्टही झाले, पण त्या वेळी फीडर ‘ब’ हलला नाही. याचे कारणही हिशेबात सापडले. संचांच्या ट्रान्सफॉर्मरची ११ केव्ही बाजू डेल्टा असल्याने ते झिरो सीक्वेन्स (जमिनीतून परतणारा) प्रवाह पुरवत नाहीत, आणि फीडर ‘अ’ चा अर्थ फॉल्ट रिले लवकर काम करतो. जिथे प्रत्येक कोअरला (आतील तारेला) जमिनीशी जोडलेली स्वतंत्र धातूची स्क्रीन असते अशा एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलमध्ये बिघाड बहुधा आधी जमिनीकडे जातो. बेल्टेड पेपर केबलमध्ये मात्र दोन फेज थेट एकमेकींना भिडू शकतात. ट्रिपिंग कधी होते आणि कधी होत नाही, याचा उलगडा झाल्यानंतरच अभ्यासगटाला आपल्या निदानाची खात्री पटली.

अधिक गंभीर बाब

तोपर्यंत हे प्रकरण नाहक ट्रिपिंगचे मानले जात होते. रात्रीच्या घटनेच्या नोंदीने त्याचे स्वरूप बदलले. दिवसाच्या एका घटनेत फीडर ‘ब’ वर एकूण ४.८ मेगावॉट भार होता आणि संच ३.६ मेगावॉट देत होते. ब्रेकर उघडताच तूट पडली, फ्रीक्वेन्सी कोसळली आणि पाऊण सेकंदाच्या आत ४७.५ हर्ट्झच्या रिलेने संच सोडवले. रात्री मात्र भार ३.७ मेगावॉट होता आणि निर्मिती ३.६. जवळपास बरोबरीच झाली होती. उपकेंद्रातील ब्रेकर उघडल्यानंतरही चार सेकंदांहून अधिक काळ फीडर ‘ब’ जिवंत राहिला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वितरित निर्मिती स्रोतांच्या जोडणीविषयीच्या २०१३ च्या विनियमांनुसार असे अनपेक्षित बेट (ग्रिडपासून तुटूनही स्थानिक निर्मितीवर जिवंत राहिलेला भाग) तयार झाल्यास निर्मिती दोन सेकंदांच्या आत तुटली पाहिजे. मुंबईला आयलंडिंग, म्हणजे असे बेट बनवणे, नवीन नाही. ग्रिड कोसळल्यास शहर वेगळे काढून स्थानिक निर्मितीवर चालवण्याची व्यवस्था येथे दशकांपासून आहे, जरी १२ ऑक्टोबर २०२० च्या मोठ्या वीजखंडात ती शहराला सावरू शकली नाही. ते नियोजित बेट असते. येथे मात्र कुणाच्याही नियंत्रणाविना एक बेट चालू होते, आणि त्याला जमिनीशी जोडलेला न्यूट्रल नव्हता, कारण तो उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरजवळ राहिला होता. अशा बेटावर अर्थ फॉल्ट झाला तर निरोगी फेजचे जमिनीसापेक्ष व्होल्टेज १.७३ पटींपर्यंत चढते. नियंत्रण कक्षातून दूरवरून ब्रेकर पुन्हा बंद केला गेला असता, तर जुळणी नसलेल्या दोन यंत्रणा एकमेकींवर आदळल्या असत्या. केबलवर ऑटो रिक्लोजर (ब्रेकर आपोआप पुन्हा बंद करणारी योजना) वापरत नाहीत, हे येथे उपकारक ठरले. ब्रेकर माणसाने, काही मिनिटांनंतर बंद केला होता.

पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय फीडर ‘ब’ चा टीएमएस वाढवण्याचा होता. ०.१ ऐवजी ०.१७ केल्यास ९५० अँपिअरवर रिले सुमारे ०.८५ सेकंद घेतो आणि तोपर्यंत फीडर ‘अ’ चा बिघाड तुटलेला असतो. उपकेंद्राच्या इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून बसबारला वीज देणाऱ्या ब्रेकरच्या) रिलेशी असलेले वेळेचे अंतरही राखले जाते. एका बैठकीत, ‘इतके पुरेसे असेल तर आणखी खर्च कशाला’, असे मत ठामपणे मांडले गेले, आणि ते झटकून टाकण्यासारखे नव्हते. फीडर ‘अ’ वर दूर बिघाड झाला तर ही सवलत कमी पडेल, अशी शंका आधी आली होती. हिशेबात ती टिकली नाही, कारण दूरच्या बिघाडात बसबारचे व्होल्टेज पुरते कोसळत नाही आणि संचांचा वाटाही घटतो. हा पर्याय दोन वेगळ्या कारणांनी अपुरा ठरला. कारखान्याने तिसऱ्या संचाचा अर्ज केला होता आणि तो आल्यावर मोकळी वेळ जवळजवळ संपत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथील जाळे रिंग पद्धतीचे आहे. देखभालीच्या वेळी कारखान्याचा पुरवठा दुसऱ्या उपकेंद्राच्या फीडर ‘क’ वर वळवला जातो, आणि तिथल्या रिलेची सेटिंग्ज जुनीच होती. ‘ब’ वर केलेला बदल ‘क’ वर आपोआप जात नव्हता.

कारखान्यासाठी स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर टाकणे तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ होते. मात्र त्यासाठी तीन किलोमीटरहून अधिक केबल लागणार होती. पावसाळ्यात रस्ता खोदण्याची परवानगी सहसा मिळत नाही आणि नंतरही खड्डे बुजवण्याचा खर्च केबलच्या बरोबरीने येतो. स्वतंत्र फीडरही त्याच बसबारला जोडला जाणार असल्याने दिशेचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. फक्त रुग्णालय आणि संस्था त्यातून बाहेर पडत होत्या.

डायरेक्शनल ओव्हरकरंट रिले हा मूळ दोषावरचा थेट उपाय होता. प्रवाह फीडरकडे जात असेल तरच तो काम करतो. त्यासाठी व्होल्टेजचा संदर्भ लागतो आणि तो बसबारच्या पीटीवरून (व्होल्टेज मोजून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) मिळू शकत होता. येथे कंपनीच्या एका अभियंत्याने नेमका प्रश्न विचारला : बिघाड बसबारवरच झाला तर? इनकमर उघडेल, पण संच ‘ब’ मधून उलट्या दिशेने बिघाड पोसत राहतील आणि डायरेक्शनल रिले ते निमूटपणे पाहत राहील. म्हणून दिशा न पाहणारी दुसरी, सावकाश पायरी राखणे आवश्यक ठरले.

बेटाच्या प्रश्नावर फ्रीक्वेन्सी बदलाचा वेग मोजणारा रिले किंवा व्हेक्टर शिफ्ट रिले (व्होल्टेजच्या कोनातील अचानक उडी ओळखणारा) सुचवला गेला. परंतु रात्रीच्या घटनेत भार आणि निर्मितीतील फरक इतका थोडा होता की अशा रिलेला ठोस इशारा मिळणे कठीण होते. त्याला अधिक संवेदनशील केले तर ग्रिडच्या साध्या हेलकाव्यालाही तो संच सोडवेल. भार आणि निर्मिती जुळलेली असताना स्थानिक मोजमापावर चालणारी प्रत्येक पद्धत काही प्रमाणात आंधळी असते. खात्रीचा उपाय म्हणजे उपकेंद्रातील ब्रेकर उघडताच फायबरवरून कारखान्याला थेट आज्ञा जाणे, अर्थात इंटरट्रिप.

कळीचा निर्णय

सर्वाधिक वाद कारखान्याच्या अंडरव्होल्टेज रिलेवर (व्होल्टेज मर्यादेखाली गेल्यास ट्रिप करणाऱ्या रिलेवर) झाला. तो ८० टक्के व्होल्टेजला दोन सेकंदांनी चालत होता. तो लवकर चालावा, असे वितरण कंपनीचे म्हणणे होते. कारखान्याच्या विद्युत प्रमुखांचा त्याला ठाम विरोध होता, कारण त्यांच्या दृष्टीने प्रत्येक झटपट ट्रिपिंग म्हणजे एक वाया गेलेली बॅच होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी रास्त होत्या आणि चर्चा काही आठवडे तिथेच अडली.

संच पुरवणाऱ्यांकडून स्थिरतेचा अभ्यास मागवल्यानंतर ही कोंडी फुटली. अशा लहान संचांचा जडत्वांक कमी असतो. उपकेंद्राजवळ तीन फेज बिघाड झाला तर पाव सेकंदाच्या आतच ते ग्रिडशी सुसंगती गमावतात, असे त्यातून दिसले. आतापर्यंतचे बिघाड दोन फेजचे असल्याने संच तगले होते. ग्रिडला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे कारखाना आपल्याच शाफ्ट आणि कपलिंगला धोका पत्करत होता. यानंतर चर्चेची दिशा बदलली. संच बंद करण्याऐवजी कारखान्याला ग्रिडशी जोडणारा टाय ब्रेकर लवकर उघडावा आणि संचांनी कारखान्याचा स्वतःचा २.९ मेगावॉटचा भार चालू ठेवावा, असे ठरले. वाफ जाणार नव्हती, बॅच वाचणार होती, आणि ग्रिडकडे जाणारा बिघाड-प्रवाह फीडर ‘ब’ च्या रिलेची वेळ येण्याआधीच थांबणार होता.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो कंपनीच्या उपकेंद्रात नव्हे तर ग्राहकाच्या आवारात अमलात आला. यानंतर डायरेक्शनल रिलेची गरज उरते का, असे विचारले गेले. कंपनीने ती गरज मान्य केली. आपल्या फीडरची सुरक्षितता ग्राहकाच्या एका रिलेवर सोपवता येत नाही, ही तिची भूमिका योग्यच होती.

अंमलबजावणी

तातडीचे उपाय लगेच झाले. टीएमएस ०.१७ केला गेला. पुरवठा ‘क’ वर वळवायचा असेल तेव्हा संच बंद ठेवण्याची अट घातली गेली. फीडर ‘ब’ ट्रिप झाल्यास बाहेरील बाजूला व्होल्टेज नसल्याची खात्री केल्याशिवाय ब्रेकर बंद करायचा नाही, असा लेखी आदेश निघाला. हा शेवटचा आदेश गैरसोयीचा होता, कारण व्होल्टेज दाखवणारा दिवा पॅनेलवर होता आणि नियंत्रण कक्षाला दिसत नव्हता. पुरवठा सुरू करण्यासाठी माणूस उपकेंद्रात पाठवावा लागे. पुढे तो संकेत स्काडावर (नियंत्रण कक्षाच्या दूरनियंत्रण संगणक यंत्रणेवर) आणला गेला.

पावसाळा संपल्यावर ‘ब’ वर डायरेक्शनल रिले बसला. पुढच्या दिशेची पायरी २४० अँपिअर आणि टीएमएस ०.१ अशी, आणि दिशा न पाहणारी पायरी एक सेकंदाची. सीटींची जोडणी आधी सुधारली. दिशेची चाचणी भारावर घेताना संच पूर्ण बंद ठेवले, कारण संच चालू असताना ‘ब’ वरील वीज कोणत्या बाजूने वाहते हे तासागणिक बदलू शकते आणि चुकीची दिशाही बरोबर वाटू शकते. इंटरट्रिपसाठी ‘ब’ चा ब्रेकर आणि इनकमर या दोन्हींचे संकेत घेतले. कारखान्यात टाय ब्रेकरसाठी ५० टक्के व्होल्टेजला ०.१५ सेकंदाची पायरी ठेवली. न्यूट्रलचे विस्थापन (बेटावरील अर्थ फॉल्टची खूण) ओळखणारा रिलेही ठरला होता, परंतु कारखान्याचा पीटी तीन लिंबचा (गाभ्याला तीनच दांड्या असलेला) असल्याने त्यातून हे मोजमाप मिळेना; नवा पीटी येईपर्यंत ते काम लांबले.

पहिली चाचणी फसली. टाय ब्रेकर उघडताच दोन्ही गव्हर्नरांनी (संचांचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकांनी) ठरावीक वीज देण्याची पद्धत सोडून फ्रीक्वेन्सी सांभाळण्याच्या पद्धतीवर यायला हवे होते. एका संचाला तो संकेत पोहोचलाच नाही. तो आपली वीज ढकलत राहिला, फ्रीक्वेन्सी चढली आणि दोन्ही संच गेले. एका सहायक कॉन्टॅक्टची वायरिंग दुरुस्त केल्यानंतर दुसरी चाचणी यशस्वी झाली.

परिणाम

पुढील पावसाळ्यात फीडर ‘अ’ वर दोन फेजमधले बिघाड पुन्हा झाले. प्रत्येक वेळी टाय ब्रेकर उघडला, संचांनी कारखाना चालू ठेवला आणि फीडर ‘ब’ वरील रुग्णालय व संस्थांना व्होल्टेजच्या क्षणिक घसरणीपलीकडे काही जाणवले नाही. एकदा पारेषण यंत्रणेतील दूरच्या बिघाडामुळेही टाय ब्रेकर उघडला. तशी गरज नव्हती, परंतु कारखान्याने ती किंमत मान्य केली आहे. व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी साठ सेकंद स्थिर राहिल्यावर संच पुन्हा जोडले जातात.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. ‘ब’ वरील रिंग मेन युनिटांतील फॉल्ट पॅसेज इंडिकेटर (बिघाडाचा प्रवाह तिथून गेल्याचे दाखवणारे दिवे) दिशा ओळखत नाहीत आणि टाय ब्रेकरपेक्षा जलद आहेत. शेजारी बिघाड झाला की तेही लुकलुकू लागतात. रात्रपाळीच्या गँगने एकदा त्या खुणांच्या मागे जाऊन निरोगी फीडरवर बराच वेळ घालवला. दिशा ओळखणारे इंडिकेटर महाग असल्याने, उपकेंद्रातील ब्रेकर ट्रिप झालेला नसेल तर त्या फीडरवरील इंडिकेटर विचारात घेऊ नयेत, अशी सूचना तूर्त दिली आहे.

वेगळे काय करता आले असते

मंजुरीच्या नमुन्यात फॉल्ट लेव्हलबरोबर आणखी एक तक्ता असता, ज्यात संचांचा प्रवाह शेजारच्या प्रत्येक फीडरवरील बिघाडाच्या वेळी कोणत्या रिलेतून जाईल आणि तो रिले किती वेळात चालेल हे मांडलेले असते, तर हा दोष कागदावरच सापडला असता. त्यासाठी अर्ध्या दिवसाचेही काम लागत नाही. तो तक्ता नेहमीच्या आणि पर्यायी अशा दोन्ही पुरवठ्यांसाठी व्हायला हवा, कारण रिंग जाळ्यात ग्राहक एकाच फीडरचा नसतो. रात्रीचा किमान भार आणि निर्मिती यांची तुलनाही तेव्हाच झाली असती, तर बेटाचा धोका चार सेकंदांच्या नोंदीतून कळण्याची वेळ आली नसती.

रिलेंची घड्याळे जुळवण्याचे काम तर संचांशी संबंध नसतानाही व्हायलाच हवे होते. पहिल्या घटनेनंतरच दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवता आले असते, तर उरलेल्या दोन घटना कदाचित टळल्या असत्या. रिले साधा असो वा डायरेक्शनल, सीटींची दिशा कमिशनिंगच्या कागदावर नोंदवून ठेवणेही यातच येते.

तिसऱ्या संचाच्या अर्जाला आता अटीसह मंजुरी मिळाली आहे. ‘ब’ वरून पुरवठा असताना तिन्ही संच चालवता येतील. ‘क’ वरून पुरवठा असताना टाय ब्रेकर उघडा ठेवून संचांनी फक्त कारखान्याचाच भार घ्यायचा आहे. ‘क’ च्या उपकेंद्रात डायरेक्शनल रिले आणि इंटरट्रिप बसेपर्यंत ही अट राहील, आणि तिथले पॅनेल बदलण्याचे काम अद्याप निविदेच्या टप्प्यावर आहे.